शारजाची नोकरी, परभणीचं घर: एका शिक्षिकेच्या बचतीचं प्रकरण

परभणीची एक शिक्षिका. वय ३१, एम.ए. इंग्रजी, बी.एड., विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहा वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. पगार १८ हजार. नवरा खासगी नोकरीत, २८ हजार. मुलगी पाच वर्षांची, घरात सासूबाई, घर भाड्याचं. अनुदानाची वाट पाहण्यात अर्थ उरलेला नाही. आखाती देशात जायचं, काही वर्षं पैसे साठवायचे आणि छत्रपती संभाजीनगरला दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा, असा बेत आहे.

ही व्यक्ती कुणी एक नाही. अशा अनेक घरांतली परिस्थिती एकत्र करून हे प्रकरण बांधलं आहे. पगार, खर्च आणि घराच्या किमती हिशेबासाठी धरलेल्या आहेत, एक दिरहम २३ रुपये धरला आहे. नियम आणि दर मात्र खरे आहेत.

कुठे जायचं, हे पासपोर्ट ठरवतो

परदेशात इंग्रजी शिकवून बचत करण्याचे जे सल्ले फिरतात, ते बहुतेक अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टवाल्यांसाठी लिहिलेले असतात. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकाचा ई-२ व्हिसा प्रामुख्याने सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांना २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे एक अरुंद वाट आहे, पण तिथे शिक्षकी पात्रता लागते. थायलंडमध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ६०० गुणांची अपेक्षा असते आणि पगारही गोऱ्या शिक्षकापेक्षा बराच कमी ठरतो.

आखातातल्या सीबीएसई शाळांना मात्र भारतीय बी.एड. शिक्षकच हवा असतो. तिथे उच्चार कुणी तपासत बसत नाही. अभ्यासक्रम माहीत आहे का, दहावीच्या वर्गाचा अनुभव आहे का आणि कागद पक्के आहेत का, एवढंच पाहतात. शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, भरती नोव्हेंबर ते मार्च चालते, जुलै-ऑगस्ट सुट्टी असते. या सुट्टीचा पुढे घराच्या व्यवहारात मोठा उपयोग आहे.

दोन ऑफर

हातात दोन पत्रं आली. दुबईच्या शाळेचं एकत्रित ५,००० दिरहमचं, बाकी काही नाही. शारजाच्या शाळेचं ३,६०० दिरहमचं, सोबत शिक्षिकांसाठीची सामायिक राहण्याची सोय, शाळेची बस आणि वर्षाला एक विमान तिकीट. घरच्यांचं मत अर्थातच दुबईकडे झुकलं.

दुबईत खोलीतला वाटा १,६००, प्रवास ३५०, जेवण ६००, फोन आणि किरकोळ ३५०, तिकिटासाठी महिन्याला १०० बाजूला. खर्च ३,०००, उरले २,०००. शारजात जेवण ६००, किरकोळ ४००. खर्च १,०००, उरले २,६००. कमी पगाराच्या नोकरीत महिन्याला ६०० दिरहम, म्हणजे १३,८०० रुपये जास्त सुटतात.

दुसरा फरक मूळ वेतनात लपलेला असतो. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर काढतात. किमान एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचं मूळ वेतन, त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचं. दुबईच्या पत्रात मूळ वेतन २,००० होतं, शारजाच्या पत्रात २,४००. पाच वर्षांनी एकाचे ७,००० दिरहम होतात, दुसऱ्याचे ८,४००. म्हणून पत्रात पगाराची फोड नसेल तर ती लेखी मागावी. वार्षिक तिकीट कायद्याने बंधनकारक नाही, करारात असेल तरच मिळतं. पहिल्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीचा पगार मिळणार का, हेही आधीच विचारून घ्यावं, कारण ते दोन महिने गेले तर वर्षाचं गणित बसत नाही.

व्हिसा आणि भरतीचा खर्च तिथल्या कायद्याप्रमाणे मालकाने करायचा असतो. इकडे नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतं, आणि एजंटची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. दीड-दोन लाख मागणारा आणि ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बघू’ म्हणणारा, या दोघांना दारातूनच परत पाठवावं.

मुलीला नेण्याचा प्रश्न लगेच निकाली निघतो. कुटुंबाला बोलवायला ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० अधिक राहण्याची सोय लागते. कागदावर ती अट इथे पूर्ण होते, पण शिक्षिकांच्या सामायिक खोलीत कुटुंब राहू शकत नाही. स्वतंत्र घर घेतलं की बचत संपली. मुलगी आजीजवळ राहील, हे मान्य असेल तरच पुढे जायचं.

नाव, पदवी, शिक्के

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि मराठवाड्यातल्या उमेदवारांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं.

पहिली अडचण पदवी प्रमाणपत्राची. आपल्याकडे गुणपत्रिकेवर नोकरी लागते, त्यामुळे दीक्षान्त समारंभासाठी अर्ज करून पदवी प्रमाणपत्र घ्यायचं राहून जातं. परभणीची ही उमेदवार नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. बी.ए.चं प्रमाणपत्र आहे, बी.एड.चं कधी काढलंच नाही. परदेशी साक्षांकनाला गुणपत्रिका चालत नाही. ऑफर येण्याआधीच विद्यापीठात अर्ज टाकून ठेवावा.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या सनदेवर माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव, आणि क्रम आडनाव आधी. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. बी.एड. लग्नानंतरचं असेल तर त्यावर तिसराच प्रकार. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण परदेशी कारकुनाला समोर दोन वेगळ्या बायका दिसतात. उपाय दोन: नोंदणीकृत विवाह प्रमाणपत्र आणि राज्य शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी. लग्नपत्रिका किंवा नुसतं प्रतिज्ञापत्र यावर विसंबू नये. पासपोर्ट अजून काढायचाच असेल तर तो माहेरच्या नावाने, म्हणजे पदवीवरच्या नावाने काढणं सगळ्यात सोपं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. यावर सासूबाईंची समजूत आधी घालावी, अर्ज नंतर भरावा.

मग शिक्क्यांचा क्रम. संयुक्त अरब अमिरात अपोस्टिल करारात (सदस्य देशांत एकाच शिक्क्यावर कागद चालण्याच्या करारात) नाही, त्यामुळे अपोस्टिल करून भागत नाही. पदवीवर आधी राज्याचं साक्षांकन मुंबईत, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग अमिरातीच्या भारतातल्या दूतावासाचं, आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचं. ओमानला जाणाऱ्याला अपोस्टिल चालतं. मस्कतला गेलेल्या ओळखीच्या बाईंनी सांगितलेली पद्धत शारजासाठी वापरली की पैसे आणि महिना दोन्ही जातात. मूळ कागद पाठवण्याआधी दोन्ही बाजू रंगीत स्कॅन कराव्यात, आणि लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र तसंच पाठवू नये: प्लास्टिकवर शिक्का बसत नाही आणि सोलताना शाई उखडते. विद्यापीठाकडून दुसरी प्रत घ्यावी.

मुक्त विद्यापीठातून किंवा बहिःस्थ पद्धतीने पदवी घेतली असेल, तर ती चालेल का हे शाळेकडून लेखी घ्यावं. काही वर्षांपूर्वी भारतीय गुणपत्रिकांवरच्या ‘इंटर्नल’ आणि ‘एक्स्टर्नल’ या रकान्यांमुळे नियमित पदव्याही दूरस्थ समजल्या गेल्या आणि कित्येक शिक्षकांच्या पदवीची समकक्षता, म्हणजे तिथल्या पदवीशी बरोबरीची मान्यता, अडली होती. ‘एक्स्टर्नल’ म्हणजे विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचे गुण, हे तिकडे कुणाला कळणार? ‘विद्यार्थिनी नियमित होती, वर्ग अमुक महाविद्यालयात झाले’ असं विद्यापीठाच्या पत्रशीर्षावर लिहून आणलेलं पत्र फाइलमध्ये असलेलं बरं.

पैसा कुठे ठेवायचा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेल्याने एक फायदा आपोआप मिळतो. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात इथे १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर आयकरासाठी अनिवासी ठरतो. सुट्टीचे दोन महिने धरूनही ती मर्यादा दूर राहते, आणि अमिरातीतल्या पगारावर इथे कर लागत नाही.

जुनं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्यायचं आणि बचतीसाठी नवं एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) उघडायचं. एनआरईवरच्या व्याजाला कर नाही, एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर कापला जातो. सगळी बचत एनआरईत. मुदतठेव किमान एक वर्षाची करावी लागते आणि वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. त्यामुळे पाच लाखांची एकच ठेव करण्याऐवजी एक-एक लाखाच्या पाच केलेल्या बऱ्या.

एक सवय सोडावी लागेल: सगळे पैसे नवऱ्याच्या खात्यात पाठवून त्याच्या नावे ठेव करण्याची. त्या ठेवीचं व्याज बायकोच्याच उत्पन्नात धरलं जातं आणि करपात्र होतं. एनआरईची करमाफी हातची जाते. नवऱ्याला घरखर्चाचे महिना १० हजार, बाकी एनआरईत. जवळच्या निवासी नातेवाइकाला एनआरई खात्यात ‘पहिला किंवा मागे राहिलेला’ या पद्धतीने जोडता येतं, म्हणजे अडीअडचणीला दार बंद राहत नाही.

पाठवताना फी किती हे विचारू नये. हजार दिरहम दिले तर खात्यात रुपये किती पडणार, हे विचारावं. ‘फी शून्य’वाल्याचा दर बहुधा पडलेला असतो. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, तेव्हा रुपया-डॉलरकडे लक्ष ठेवलं की पुरे.

आणि पतसंस्था. बारा-तेरा टक्के व्याजाचं आमिष मराठवाड्यात नवीन नाही, आणि त्यात बुडालेली निवृत्तीची रक्कमही नवीन नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही.

आता आकडा. उरले २,६०० दिरहम, म्हणजे ५९,८०० रुपये. घरी १० हजार गेले की हातात साधारण ५० हजार. सुट्टीच्या दोन महिन्यांत आहेर, दवाखाना, मुलीचे कपडे यांत काही उरत नाही असं धरून वर्षाचे १० महिने मोजले: पाच लाख. सात टक्के व्याज धरलं तर तीन वर्षांत साधारण १६ लाख.

संभाजीनगरचा फ्लॅट कागदावर

बीड बायपासच्या बाजूला बांधकाम चालू असलेला फ्लॅट. किंमत ४३.५० लाख, पार्किंग १ लाख, विकास शुल्क ७५ हजार. बेरीज ४५.२५ लाख. बिल्डरच्या माणसाने जीएसटी ‘एक टक्काच’ सांगितला.

इथे कागद घेऊन बसावं. परवडणाऱ्या घराचा एक टक्का दर मिळायला महानगर नसलेल्या शहरात चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण आकारणी ४५ लाखांपर्यंत असावी लागते. या आकारणीत पार्किंग आणि विकास शुल्कही येतं. बेरीज ४५ च्या वर गेली की दर पाच टक्के: २,२६,२५० रुपये. तीच बेरीज ४५ लाखांवर आणली तर ४५ हजार. २५ हजार कमी करून घेण्यासाठी घासाघीस केली तर एक लाख एक्याऐंशी हजार वाचतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला जीएसटीच नाही. शिवाय महारेरा नोंदणी पाहावी, आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम द्यायची नाही, बिल्डरलाही ती मागता येत नाही.

४५ लाखांना बँक ८० टक्के, म्हणजे ३६ लाख देईल. स्वतःचे ९ लाख. मुद्रांक शुल्क एकट्या बाईच्या नावावर एक टक्का कमी, म्हणजे पाच टक्क्यांनी २.२५ लाख. नवऱ्याचं नाव जोडलं की ही सवलत जाते. नोंदणी फी ३० हजार, जीएसटी ४५ हजार. एकूण हातचे १२ लाख. तीन वर्षांत हे जमतं, आणि बहुतेक लोक इथेच खूश होऊन सही करतात.

पण पुढचं पान उलटावं. ३६ लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता ३१,२४०. वर्षाच्या पाच लाखांतून हप्त्यांचे पावणेचार लाख वजा केले की मुदतीआधी भरायला सव्वा लाख उरतो. चार वर्षं असं भरलं तरी कर्ज साधारण २७ लाख शिल्लक राहतं. तोवर नोकरीला सात वर्षं झालेली, मुलगी बारा वर्षांची. परत आली तर परभणीत २० हजारांची नोकरी आणि ३१ हजारांचा हप्ता. मग ती परतच येत नाही. आखातात पंधरा-वीस वर्षं अडकलेल्या कित्येकांची गोष्ट पगारावरून सुरू होत नाही, अशा हप्त्यावरून होते.

आमचं मत स्पष्ट आहे: परतल्यावरच्या कमाईत न झेपणारा हप्ता परदेशातल्या पगारावर घेऊ नये.

परभणीचा पर्याय

१,२०० चौरस फुटांचा बिनशेती प्लॉट, ८०० रुपये दराने ९.६० लाख. मुद्रांक सहा टक्के ५७,६०० (बाईच्या नावाची सवलत राहत्या घराला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही), नोंदणी ९,६००. एकूण १०.२७ लाख. तिसऱ्या उन्हाळ्यात हे पैसे बिनकर्जाचे उभे राहतात. पुढच्या वर्षी १,००० चौरस फुटांचं बांधकाम, १,९०० रुपयांनी १९ लाख: पाच स्वतःचे, १४ कर्ज. दहा वर्षांचा हप्ता १७,३६०, पण वर्षाचे पाच लाख त्यावर टाकले तर तीन-सव्वातीन वर्षांत फिटतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. त्याच सात वर्षांच्या आसपास घर मोकळं. संभाजीनगरच्या फ्लॅटला भाडं चांगलं आलं असतं, भावही चढला असता, हे खरं. पण राहायला घर हवं आहे, गुंतवणूक नाही.

आता जमिनीचे कागद. दिराचा फोन येतो, “वहिनी, दोन गुंठे बघितलेत, रोडटच आहेत, आठ लाखांत बसतात, नोटरी करून टाकू.” हा व्यवहार तीन ठिकाणी फुटका आहे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, शेतकरी कुटुंबातली असली तरी. बिनशेती न झालेला तुकडा सातबाऱ्यावर शेतजमीनच असतो. आणि नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही, बँकही कर्ज देत नाही. हवा तो बिनशेती आदेश, मंजूर अंतिम रेखांकन, त्यातला प्लॉट क्रमांक आणि नोंदणीकृत खरेदीखत.

मराठवाड्यात सातबारा पाहून थांबू नये. निजामाच्या राजवटीतल्या इनाम जमिनी, मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान, अजूनही मधेच डोकं वर काढतात. वकिलाला १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) काढायला सांगावं आणि तिथून आजवरचे फेरफार जुळवून पाहावेत. ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, दिसलं की परवानगी आणि नजराण्याची पावती मागावी. तीस वर्षांचा शोध अहवाल बँकही करते, पण ती कर्जाच्या वेळी. प्लॉट रोखीने घेताना तो आपल्यालाच करायचा आहे.

खरेदीखत शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये स्वतः येऊन करावं. जमलं नाही तर दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासात मुखत्यारपत्र करून पाठवावं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा. त्यात एकाच प्लॉटचं वर्णन आणि फक्त खरेदीचा अधिकार. विक्री किंवा गहाणाचा अधिकार कुणालाही नाही, अगदी नवऱ्यालाही नाही. पैसे एनआरई किंवा एनआरओ खात्यातूनच विक्रेत्याला जावेत.

पाया

परभणीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. दोन-तीन फुटांवर पाया टाकलेल्या घरांच्या भिंती कोपऱ्यातून तिरक्या फुटतात त्या यामुळेच. प्लॉट ठरवण्याआधी जेसीबीने एक खड्डा काढून मुरूम किती खोल लागतो ते पाहावं. सहा फुटांपर्यंत लागला तर आरसीसी फुटिंग तिथवर न्यावं. फारच खोल असेल तर अभियंत्याकडून पाइलचा हिशेब करून घ्यावा. पायाच्या आतली भरती मुरमाची हवी. खोदून निघालेली काळी मातीच ठेकेदार परत आत लोटतो, कारण तिला पैसे पडत नाहीत.

१,२०० चौरस फूट म्हणजे १११ चौरस मीटर. मंजूर रेखांकनातल्या १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर बांधकामाला सध्याच्या एकत्रित नियमावलीत सुटसुटीत पद्धत आहे. तरी महापालिकेची पोच घ्यावीच, बँक ती मागते.

दसऱ्याला काम सुरू करून स्लॅब फेब्रुवारीच्या आत टाकावा. नंतर पाणी महाग होतं, टँकर येतो तेव्हा येतो, आणि कोरड्या उन्हात स्लॅबला दहा दिवस पाणी मिळालंच पाहिजे. ठेकेदाराशी करार टप्प्यांचा: जोतं, लिंटेल, स्लॅब, गिलावा, फरशी. प्रत्येक टप्प्याचे पैसे तो टप्पा झाल्यावर, बँकेच्या अभियंत्याच्या पाहणीनंतर आणि थेट शिक्षिकेच्या खात्यातून. घरच्या कुणाच्या हातात रोख द्यायची नाही, म्हणजे कुणावर आळ यायचा प्रश्न नाही. करारातले शेवटचे पाच टक्के राखून ठेवावेत आणि एक पावसाळा गच्चीवरून गेल्यावर, छताला ओल नसेल तरच सोडावेत.